चार वासे, दोन पत्रे

जमीन घ्यावी, नकाशा काढावा, नगरपालिकेची मंजुरी मिळवावी, पाया खणावा, ऐपतीप्रमाणे भिंती चढवाव्यात आणि सर्वांत शेवटी त्या घरात राहावयास जावे, हा घर बांधण्याचा जो क्रम आपण स्वाभाविक मानतो, त्याच्या नेमका उलटा क्रम मुंबईत शंभराच्या आसपास वर्षे तरी चालत आलेला आहे. येथे माणूस आधी राहावयास येतो. मग डोक्यावर आच्छादन धरतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्या आच्छादनाला बाजू लावतो. वर्ष-दोन वर्षे कोणी उठवले नाही म्हणजे तळाशी ओटा घालतो. आणि ज्या कागदापासून इतरांच्या घराला प्रारंभ होतो तो कागद, मिळालाच तर, त्याच्या हाती अखेरीस पडतो. या घराला लागणारे वासे, फळ्या, पत्रे आणि गोणपाट ही सारी सामग्री दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगातून सुटलेली असते. अशा घरांत राहणाऱ्यांचे आयुष्य जयवंत दळवींच्या ‘चक्र’सारख्या कादंबरीने मराठी वाचकांपुढे आणले, परंतु ते घर उभे कसे राहते, पावसाळा कसे निभावते आणि मोडल्यावर पुन्हा कसे उभारले जाते, या व्यावहारिक विद्येकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे.

ही विद्या आजकालची नव्हे. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील कामगार आणि त्यांची घरे या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. गिरणगावातील चाळींचे वर्णन करतानाच त्यांनी नारळीच्या व खजुरीच्या वाळलेल्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांची आणि पत्रे, लाकडे व रॉकेलचे रिकामे डबे यांतून उभारलेल्या शेडींची नोंद करून ठेवली आहे. त्या काळी परदेशातून येणारे रॉकेल सुमारे चार गॅलनांच्या चौकोनी डब्यांतून येई, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवलेले असत. तेल दिव्यात जळून गेले तरी डबा आणि खोके शहरातच राहत. डब्याचे झाकण व बूड कापून काढावे, एका कोपऱ्यावरील सांधा उभा चिरावा आणि तो हातोडीने सपाट ठोकावा, म्हणजे तीन फुटांहून थोडा अधिक लांब आणि सव्वा फुटाच्या आतबाहेर रुंद असा पत्रा हाती येतो. अशा पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून खोक्याच्या फळ्यांवर ठोकल्या की भिंत तयार होते. ज्या व्यापाराने शहरात उजेड आणला, त्याच्याच वेष्टनातून शहरातील निर्धनांच्या भिंती निघाल्या.

त्याच सुमारास सरकारनेही कामगारांसाठी घरे बांधण्याचे मोठे काम हाती घेतले होते. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी उठवल्या. या बी.डी.डी. चाळी पक्क्या होत्या, टिकाऊ होत्या. तरीही प्रारंभीची काही वर्षे, विशेषतः वरळीतील, पुष्कळ खोल्या भाड्यावाचून रिकाम्या पडून राहिल्या. गिरणीचा भोंगा वाजला की चालत पाळीवर पोहोचता येईल इतके जवळचे अंतर, पगार होईपर्यंत उधारीवर धान्य देणारा ओळखीचा दुकानदार, गावकऱ्यांचा शेजार आणि परवडणारे भाडे या चार गोष्टी कामगाराला काँक्रीटच्या भिंतीहून अधिक निकडीच्या होत्या. घराची योग्यता भिंतीच्या जाडीवर ठरण्यापूर्वी ती रोजगारापासूनच्या अंतरावर ठरते, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

पुढे मराठवाड्यातील आणि अन्य दुष्काळी भागांतील, तसेच तामिळनाडू व बिहारसारख्या दूरच्या मुलखांतील कुटुंबे रोजगाराच्या शोधात मुंबईस आली, तेव्हाही हाच धडा पुन्हा प्रत्ययास आला. भायखळ्याचे रस्ते, बंदराला समांतर जाणारा पी. डिमेलो रोड, परळ-दादरच्या बाजूने रेल्वेच्या भिंतीलगत धावणारा तुळशी पाईप रोड, म्हणजेच सेनापती बापट मार्ग, यांच्या पदपथांवर त्यांनी आपली खोपटी उभारली. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ साली पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. या गणनेतून जे चित्र पुढे आले ते उडाणटप्पूंचे मुळीच नव्हते. हमाली, हातगाडी, मोलकरीण, भाजीविक्री अशी कामे करून शहराचा गाडा हाकणारी आणि कामावर पायी जाता यावे म्हणून पदपथ पत्करणारी ती संसारी माणसे होती.

आता ही घरबांधणी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. जागा निवडताना बांधणारा सर्वप्रथम पाठीमागची भिंत शोधतो. कारखान्याची, रेल्वेची किंवा कब्रस्तानाची आवारभिंत मिळाली की चारांपैकी एक बाजू आयतीच लाभते, पश्चिमेच्या वाऱ्यापावसाला अडसर होतो आणि वाशांना टेकू मिळतो. त्यानंतर तो रस्त्याचा उतार पाहतो. कारण लालबाग-परळसारख्या सखल भागात भरतीच्या वेळी पाऊस कोसळला म्हणजे पाणी कोठे तुंबते हे नकाशावरून कळत नाही, ते एक पावसाळा तेथे काढलेल्या शेजाऱ्याला विचारूनच कळते. पाण्याचा नळ किती दूर, दुकानदार फळीखाली सामान ठेवू देईल की नाही, समोरच्या इमारतीतील माणसे कुरबुर करतील की नाही, या चौकश्याही याच वेळी होतात.

सामान मिळवण्याचा भूगोल स्वतंत्रच आहे. रे रोडचा लाकडाचा बाजार आणि त्यालगतचा दारूखाना, जेथे जुनी जहाजे फोडली जात, तेथून लोखंडी पट्ट्या, दोर, फळ्या आणि कधी एखादे दारही मिळे. मांडवी आणि मस्जिद बंदरच्या घाऊक पेठांतून धान्य-मसाल्याचे रिकामे बारदान आणि चहाची खोकी निघत. रस्ते डांबरणाऱ्यांनी टाकलेले पिंप उभे चिरून सपाट केले म्हणजे जाड, काळाकुट्ट, पण पाण्याला दाद न देणारा पत्रा होई. गिरगाव-काळबादेवीकडील जुनी घरे उतरवली जात, तेव्हा सागवानी तुळया आणि दारांच्या चौकटी व्यापारी उचलीत. तुटक्या कौलांना, शहाबादी फरशीच्या तुकड्यांना आणि विटांच्या रोड्यांना मात्र गिऱ्हाईक नसे, आणि तेच या घरांच्या तळाशी जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कालांतराने त्यांच्या शेडी उतरल्या, तेव्हा गिरणगावाच्या देहाचेही असेच तुकडे बाजारात आले. अलीकडे गोणपाटाची जागा प्लास्टिकच्या ताडपत्रीने आणि उत्सव-निवडणुकांनंतर उतरवलेल्या फ्लेक्सने घेतली आहे. भंगारवाला हा या घरबांधणीचा सामान पुरवठादार असतो. कोणता पत्रा छताला चालेल आणि कोणता केवळ भिंतीला, हे त्याला वजन करण्यापूर्वीच ठाऊक असते.

सांगाडा उभा करताना पहिली अडचण अशी येते की, फरसबंद पदपथावर खड्डा खणता येत नाही. म्हणून बांबू किंवा बल्ली एखाद्या डब्यात उभी करून त्यात दगड आणि सिमेंट भरतात. तो जड डबा हाच पाया होतो. वरचे आडवे वासे सुतळीने किंवा काथ्याने बांधतात आणि दोरात काडी घालून पीळ देतात. बांधलेला सांधा वाऱ्याच्या झोताबरोबर किंचित हलतो आणि पुन्हा जागी येतो. शिवाय तो काही मिनिटांत सोडवता येतो. या दुसऱ्या गुणाचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

छत हा या बांधणीचा प्राण आहे. पन्हळी पत्र्याला खिळा ठोकावयाचा तो उंचवट्यावर. पाणी पन्हळीच्या खोलगट भागातून वाहते, तेथे भोक पडले की घर गळणारच. जुन्या पत्र्याला आधीच्या मालकाच्या खिळ्यांची भोके असतातच, म्हणून कमी भोकांचे पत्रे छतासाठी राखून चाळणी झालेले भिंतीला लावतात, आणि उरलेली भोके डांबरात भिजवलेल्या चिंध्यांनी बुजवतात. पत्रे अंथरताना खालच्या बाजूने प्रारंभ करावा लागतो, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर चढतो आणि पाण्याला आत शिरण्यास वाट राहत नाही. छताचा उतार पाठीमागच्या भिंतीकडे दिला तर पाणी भिंतीशी साठते. म्हणून तो रस्त्याकडे, गटाराच्या दिशेने द्यावा लागतो, आणि त्यामुळे दाराची बाजू बुटकी होते. या घरांत वाकून शिरावे लागते याचे कारण बांधणाऱ्याच्या अडाणीपणात शोधणाऱ्याने पागोळ्या कोठे पडतात ते एकदा पाहावे. वाऱ्याने पत्रा उचलला जाऊ नये म्हणून त्यावर दगड आणि जुने टायर ठेवतात. उन्हाने तो तापू नये म्हणून आतून गोणपाट ताणतात.

तळ उंच करणे हे शेवटचे काम. विटांचे रोडे, डबर आणि माती ठोकून वीतभर ओटा केला आणि त्यावर फरशीचे तुकडे जुळवून मधल्या फटी सिमेंटने भरल्या की जमीन धुता येते, सारवता येते आणि रस्त्यावरचे पाणी आत येण्यापूर्वी सामान उचलावयास अवधी मिळतो. उंची मिळाली तर वर फळ्या टाकून पोटमाळा करतात; खाली चूल आणि वर निजणे, अशी विभागणी होऊन आठ-दहा फुटांच्या जागेत सहा माणसांचा संसार सामावतो. भांड्यांची मांडणी आणि देवाचा कोनाडा या गोष्टी त्याही घरात असतात.

या कौशल्याचा गौरव करताना त्या घरातील हालअपेष्टांवर पांघरूण घालणे अन्यायाचे होईल. वैशाखात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. श्रावणात अंथरुणाची ओल जात नाही. प्लास्टिक, गोणपाट आणि डांबर यांना आग लागली तर शेजारची दहा घरे वाचवता येत नाहीत. रस्त्यावरच्या वाहनाची धास्ती निजलेल्या मुलांच्या उशाशी असते. आणि शौचालयाच्या अभावी स्त्रियांना जो त्रास आणि जी अप्रतिष्ठा सोसावी लागते तिला शब्द अपुरे आहेत. बांधणाऱ्याच्या हातात असलेले सर्व ज्ञान वापरूनही जे दूर होत नाही ते या उणिवांत दिसते. नळ, गटार, मोरी आणि जमीन या गोष्टी भंगारात मिळत नाहीत. त्या शासनाने आणि समाजाने द्यावयाच्या असतात.

भंगारात न मिळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे निर्धास्तपणा. महापालिकेची गाडी आली की वासे, पत्रे, भांडी यांची जप्ती होते, आणि नवे सामान विकत घेण्यात कुटुंबाची कित्येक दिवसांची कमाई जाते. म्हणून अनुभवी माणसे गाडी येण्याची कुणकुण लागताच आपले घर आपणच सोडवून, सामानाची गाठोडी बांधून बाजूला ठेवतात आणि गाडी गेल्यावर तेच घर पुन्हा बांधतात. दोराने बांधलेला सांधा येथे कामी येतो. खिळे, सिमेंट आणि पक्क्या विटा शक्य तेथे टाळण्याचे कारण पुष्कळदा पैशांची चणचण एवढेच नसते. जे उद्या हिरावले जाणार त्यात आज किती घालावे, याचा तो विवेकी हिशेब असतो.

या हिशेबाशी निगडित असे एक मोठे प्रकरण न्यायालयाच्या इतिहासात आहे. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी परत पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही नागरिक आणि स्वतः पदपथवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. पदपथावर कायम वस्ती करण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही, आणि पालिकेचा हटवण्याचा अधिकार कायम ठेवतानाच त्या वर्षीचा पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या हलवू नयेत असे फर्मावले. तत्त्व मोठे मिळाले, परंतु छप्पर मिळाले नाही.

याच्या उलट अनुभव १९७६ सालच्या झोपडपट्टी-गणनेचा आहे. त्या वर्षी सार्वजनिक जमिनींवरील झोपड्यांची मोजणी करून रहिवाशांना फोटोपास देण्यात आले. त्या ओळखपत्राने जमिनीची मालकी मिळाली नव्हती, तरी आपली नोंद सरकारदफ्तरी झाली आहे आणि आपल्याला एकाएकी बेदखल केले जाणार नाही, एवढी खात्री त्याने दिली. जेथे अशी खात्री वाटली तेथे गोणपाटाच्या जागी वीट आली, मातीच्या जागी कोबा आला, दाराला कडी आली. पदपथांवरील कुटुंबे या मोजणीबाहेर राहिली आणि त्यांच्या घरांचे वासे डब्यांतच उभे राहिले. दोन्ही ठिकाणची माणसे सारख्याच गावांहून आलेली, सारख्याच मिळकतीची. भेद होता तो एका कागदाचा. तात्पुरतेपणा सामानाच्या जुनेपणातून येत नाही, तो उठवले जाण्याच्या भयातून येतो, हे माझ्या मते या संपूर्ण विषयाचे सार आहे.

बांधणाऱ्याला खात्री आणि अवसर मिळाला तर तो काय करू शकतो, याचे उदाहरण भायखळ्याच्याच स्त्रियांनी घालून दिले. पदपथांवर राहणाऱ्या या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ या नावाने संघटना उभारली, आणि १९८६-८७च्या सुमारास ‘स्पार्क’च्या साहाय्याने आपल्याला परवडेल अशा घराचा विचार स्वतः केला. फूटपट्टीची सवय नसल्याने त्यांनी साडीच्या लांबीने आणि स्वतःच्या देहाच्या उंचीने जागा मोजली. कापड आणि पुठ्ठा वापरून खऱ्या मापाची घरे उभारली आणि त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यांना सर्वांत पसंत पडलेल्या घराची उंची चौदा फूट होती व त्यात पोटमाळा होता, कारण लहानशा जागेत वर चढून जागा निर्माण करण्याचे तंत्र त्यांनी पदपथावर वर्षानुवर्षे आजमावलेले होते. पुढे १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा असलेल्या पदपथवासीयांनाही पात्र धरण्यात आले आणि २२५ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद झाली. भायखळ्याच्या पदपथांवरील काही कुटुंबे नंतर मानखुर्दला पक्क्या घरांत गेली; मात्र तेथून कामाच्या ठिकाणी पायी जाणे आता शक्य नव्हते, म्हणजे बी.डी.डी. चाळींच्या काळचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहिला.

टाकलेल्या वस्तूंतून निवारा उभारणे हे केवळ गरिबीचे लक्षण नाही, हे जगातील नामांकित वास्तुविशारदांनीही ओळखले आहे. जपानचे शिगेरू बान यांनी १९९५च्या कोबे भूकंपानंतर बिअरच्या क्रेटांत वाळू भरून पाया केला आणि त्यावर कागदी नळ्यांच्या भिंती उभारल्या. २००१ साली भुजमध्ये त्यांनी पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यातील सामान पायासाठी वापरले आणि बांबूच्या कामट्यांचे छत केले. वाळूने जड केलेला क्रेट आणि भायखळ्याचा सिमेंट भरलेला डबा यांमागील युक्ती एकच आहे. इंग्रज वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी पेरू देशातील लिमा शहराच्या वस्त्यांत काम करून १९७०च्या दशकात असे प्रतिपादन केले की, घर दिसते कसे यापेक्षा ते राहणाऱ्याच्या आयुष्यात कोणते काम करते हे अधिक महत्त्वाचे, आणि लोकांना आपल्या घराविषयीचे निर्णय घेऊ दिले तर ते कालांतराने स्वतःच ते सुधारत नेतात. मुंबईत फोटोपास मिळालेल्या वस्त्यांनी हेच सिद्ध केले होते.

आज गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे चाळी आणि जुन्या इमारती झपाट्याने पाडल्या जात आहेत. त्यांतून निघणारे चांगले सागवान बाजारात जाते आणि उरलेले ‘डेब्रिज’ ट्रक भरभरून शहराबाहेर, कधी खाडीकाठच्या पाणथळ जमिनीवरही, टाकले जाते. बांधकामाच्या राडारोड्याची व्यवस्था लावण्यासाठी केंद्र सरकारने नियम केले आहेत. त्या नियमांच्या अंमलबजावणीत पुनर्वापरास योग्य अशी कौले, फरश्या, खिडक्या आणि लाकूड वेगळे काढून ते अल्प किमतीत गरजूंना मिळावे अशी प्रभागनिहाय वखार उघडणे अशक्य नाही. जप्त केलेले वासे-पत्रे पंचनामा करून मालकाला परत देणे, पावसाळ्यात कोणाचेही छप्पर न उतरवणे, हटवण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन पर्यायी जागा दाखवणे आणि ती जागा रोजगाराच्या आवाक्यात असणे, एवढ्या गोष्टींना फार मोठा खजिना लागत नाही. त्यांना या माणसांविषयी आदर लागतो. आणि जेथे पुनर्वसनाची इमारत आखावयाची असेल, तेथे नकाशाच्या मेजाभोवती त्या स्त्रियांनाही खुर्ची द्यावी, ज्यांनी दहा फुटांत सहा माणसांचा संसार मांडून दाखवला आहे. मोरी कोठे असावी, पोटमाळ्याची शिडी कोणत्या बाजूला असावी, वारा कोठून यावा आणि पाणी कोठे जावे, या प्रश्नांची त्यांची उत्तरे प्रत्येक पावसाळ्याने तपासून घेतलेली आहेत.